कोपरीच्या जीपचा नवा हंगाम

शर्यतींचा हंगाम सुरू होण्याआधी सगळ्याच गाड्या पहिल्या येतात. त्र्यंबकराव गुप्त्यांनी हा अनुभव गेल्या वर्षी घेतला होता, आणि त्रेपन्न सालची संक्रांत जवळ येताच ते तो पुन्हा घ्यायला सज्ज झाले होते.

त्र्यंबकराव ठाण्याच्या कोपरीत राहत, मुंबईला एका विमा कंपनीत हेडक्लार्क होते आणि स्वतः सायकलवरसुद्धा बसत नसत. तरी मोटारींच्या शर्यतींचा विषय निघाला की आळीतले लोक त्यांच्याच तोंडाकडे बघत, कारण जीप त्यांच्या परसात उभी असे. जीप सुधीर फणसेची. सुधीर मोहन्याच्या रेयॉनच्या कारखान्यात यंत्रांकडे नोकरीला होता आणि पलीकडच्या आळीत आईबरोबर राहत होता. लढाई संपल्यावर कल्याणच्या छावणीतल्या सामानाचा लिलाव झाला, तेव्हा अमेरिकन सोल्जरांनी मागे टाकलेली एक जीप त्याने उचलली. सोल्जरांनी ती मागे का टाकली असेल याचा विचार त्याने नंतर केला. त्याच्या घरी जीप ठेवायला जागा नव्हती. गुप्त्यांच्या परसात होती, आणि त्या परसाकडे उघडणाऱ्या खिडकीत गुप्त्यांची हेमा होती. जागेची निवड नक्की कशामुळे झाली हे त्र्यंबकरावांनी कधी विचारलं नाही. आपल्या परसात शर्यतीची गाडी उभी आहे एवढ्यावर ते तृप्त होते.

कल्याणच्या पुढे युद्धात विमानांसाठी बांधलेली आणि आता गुरांनी ताब्यात घेतलेली एक धावपट्टी होती. थंडीच्या दिवसांत मुंबईचा एक मोटार क्लब गुरं हाकलून तिथे शर्यती लावी. गेल्या हंगामात कोपरीची जीप तीनदा उतरली आणि तिन्हीदा वाटेतच राहिली. एकदा पट्टा तुटला, एकदा पेट्रोल गळलं. तिसऱ्या वेळी तर जीपचं पुढचं चाक एकट्यानेच शर्यत पुरी करून दुसरं आलं असतं. पण नियमात चाकांचा वेगळा नंबर धरत नाहीत.

"पण वेग बघितलास ना तू चाकाचा?" त्र्यंबकराव त्यानंतर महिनाभर ज्याला त्याला विचारत होते.

त्यांच्या पत्नी वासंतीबाईंनी मात्र वेग बघितला नव्हता. त्यांनी बघितलं होतं ते एवढंच, की हा मुलगा सकाळी गाडीतून जातो आणि संध्याकाळी चालत येतो. त्यामुळे सुधीरच्या आईने हेमाचा विषय काढला तेव्हा वासंतीबाई हो म्हणाल्या नाहीत आणि नाहीही म्हणाल्या नाहीत. पुण्याचं एक स्थळ आलेलं होतं. मुलगा बँकेत होता, त्याच्याकडे वाहन नव्हतं आणि वाहनाची हौसही नव्हती.

"पोरगी झुरतेय गं," त्र्यंबकराव तिळगुळाचा पाक बघत म्हणाले.

"पोरगी झुरतेय की तुम्ही?" वासंतीबाईंनी पाकातून उलथनं काढलं. "तुम्हाला जावई नकोय, ड्रायव्हर हवाय."

त्र्यंबकरावांनी परातीतले चार तीळ तोंडात टाकले, कारण यात काही चूक नव्हती.

"मी सांगते ते ऐका," वासंतीबाई म्हणाल्या. "या वर्षीची पहिली शर्यत मी स्वतः बघणार. गाडी गेली तशी सबंध परत आली, तर फणशांकडे बोलणी करायची. पहिला नंबर नको, दुसरा नको. शेवटची येऊ दे, पण आली पाहिजे. सुरू केलेलं पुरं करतो की नाही, एवढंच मला बघायचंय. नाही आली, तर मी पुण्याला होकार कळवणार आणि तुम्ही मधे बोलायचं नाही."

"येणार म्हणजे काय, येणारच!" असं म्हणून त्र्यंबकराव बाहेर पडले ते थेट परसात गेले. सुधीर जीपखाली होता. त्याचे फक्त पाय दिसत होते. त्या पायांना त्यांनी सगळी हकीकत सांगितली. पाय बराच वेळ हलले नाहीत.

"काका," आतून आवाज आला, "काकूंना दुसऱ्या शर्यतीला नाही का आणता येणार?"

संक्रांतीनंतरच्या रविवारी महिपत पाटलाची गवताची लॉरी कोपरीतून निघाली. महिपत गवताचा धंदा करी आणि जीप जिंकणार याबद्दल त्याला त्र्यंबकरावांपेक्षाही कमी शंका होती. लॉरीत आळीतले वीसेक लोक, दशम्यांचे डबे, पाण्याची कळशी आणि गवताची खाज असा सगळा सरंजाम होता. ड्रायव्हरशेजारची जागा वासंतीबाईंना दिली होती. जीप पुढे चालली होती. तिला दिवाळीत दारांना दिलेल्या तेलरंगातला उरलेला चॉकलेटी रंग लावला होता, त्यामुळे लांबून एखादं कपाट रस्त्याने निघाल्यासारखं दिसे.

"वहिनी, यंदा जीप उडनार बघा," महिपत चाक फिरवत म्हणाला.

"उडायला नकोय महिपतभाऊ. जमिनीवरूनच परत आणा."

धावपट्टीवर पोचल्यावर त्र्यंबकरावांनी इतर गाड्या बघितल्या आणि कोटाच्या बाहीने जीपवरची धूळ पुसायला घेतली. मुंबईच्या शेटलोकांच्या गाड्या होत्या त्या. बुटक्या, चकचकीत, एक हिरवी तर अशी की बसायला माणसाने तिच्यात झोपलंच पाहिजे. सगळ्या एका रांगेत उभ्या केल्या होत्या, शेवटी आपलं कपाट. ड्रायव्हरांना नियम सांगायला क्लबच्या तंबूत बोलावलं, म्हणून सुधीर तिकडे गेला. वासंतीबाई आणि हेमा लॉरीच्या सावलीत डबे उघडत होत्या. जीपजवळ त्र्यंबकराव आणि महिपतच राहिले.

"काका, नारळ फोडून घ्या," महिपत म्हणाला.

नव्या हंगामात गाडीची पूजा व्हायलाच हवी, याबद्दल कोपरीत दुमत नव्हतं. गेल्या वर्षी नारळ चाकापाशी फोडला होता, आणि चाकाने काय केलं ते सगळ्यांना आठवत होतं. त्र्यंबकरावांनी या प्रश्नावर बराच विचार केला होता. गाडी चालवतं इंजिन. मग चाकाला नारळ देऊन इंजिनाला उपाशी ठेवायचं, म्हणजे साहेबाच्या शिपायाला भेटून परत येण्यासारखं झालं.

"बॉनेट उघड," ते म्हणाले.

महिपतने बॉनेट उघडलं. त्र्यंबकरावांनी इंजिनाला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची चार फुलं खोचली, हेमाच्या भवितव्याचं स्मरण केलं आणि नारळ आतल्या लोखंडी कडेवर असा आपटला की पहिल्याच फटक्यात दोन शकलं झाली. नारळ पाण्याने भरलेला होता. ते सगळं पाणी इंजिनाला मिळालं. थेंबभरही बाहेर सांडलं नाही.

"शकुन चांगला झाला," महिपत खूश होऊन म्हणाला आणि बॉनेट लावून टाकलं.

निशाण पडलं. ड्रायव्हर धावत आले, आपापल्या गाडीत चढले आणि एकेक गाडी गुरगुरत निघून गेली. सुधीरने बटण दाबलं. जीप खोकली. त्याने पुन्हा दाबलं. जीप पुन्हा खोकली, पण या वेळी जरा आजारी माणसासारखी. रांगेत आता ती एकटीच उरली.

सुधीर उडी मारून खाली उतरला आणि बॉनेट वर केलं. आत झेंडू होता, कुंकू होतं, खोबऱ्याचा एक तुकडा होता, आणि ज्या काळ्या झाकणाखालून ठिणगी इंजिनभर वाटली जाते, ते डिस्ट्रिब्यूटरचं झाकण आंघोळ करून बसलं होतं. सुधीरने मान वर करून बघितलं. दोरीच्या पलीकडे, पंधरा हातांवर, त्र्यंबकराव हातात नारळाची दोन शकलं घेऊन उभे होते. ती टाकायला जागा शोधत होते.

तेवढ्यात वासंतीबाई तिथे आल्या. "काय झालं रे, सुधीर?"

त्र्यंबकरावांनी डोळे मिटले. पुण्याच्या बँकेतला जावई त्यांना स्पष्ट दिसला. तो चालत होता.

"काही नाही काकू," सुधीर म्हणाला. "दव पडलंय जरा."

अकरा वाजले होते आणि धावपट्टीवर पापड भाजता आला असता. वासंतीबाईंनी उन्हाकडे बघितलं आणि मग नवऱ्याच्या हातातल्या शकलांकडे बघितलं. सुधीरने सदरा वर ओढून झाकण आतून पुसलं, फुंकर मारली, परत पुसलं. हिरवी गाडी एक फेरी संपवून समोरून सणकन गेली. एका गोऱ्यापान, टोपी घातलेल्या तरुणाने दोरीजवळून विचारलं, "काय हो, तुमची गाडी विकायला उभी केलीय काय?" आणि त्याचे मित्र हसले.

"आधी तुझी टोपी वीक," महिपत म्हणाला. "तिच्यात डोकं नाय."

आणि जीप सुरू झाली. कोपरीच्या वीस माणसांनी असा ओरडा केला की लांब चरणाऱ्या म्हशींनी माना वर केल्या.

मग जे झालं ते त्र्यंबकरावांना पुढे कधी नीट क्रमाने सांगता आलं नाही. जीप धावत होती. वळणावर धूळ उडे, धुळीतून गाड्या बाहेर येत आणि सगळ्यांत शेवटी ते चॉकलेटी कपाट बाहेर येई. पण दर वेळी येई. मग एक गाडी वाफ सोडत बाजूला थांबली, आणि जीप तिला मागे टाकून गेली. थांबलेल्या गाडीला मागे टाकणं हेही मागे टाकणंच, असं त्र्यंबकरावांनी जाहीर केलं. हेमा दोरी धरून उभी होती. तिने दोन्ही हातांनी दोरी पिळून पिळून तिचा दोर केला होता. वासंतीबाई पुतळ्यासारख्या उभ्या होत्या.

शेवटच्या फेरीत जीप वळणाबाहेर आली, अंतिम रेषेच्या दिशेने निघाली, आणि हळू झाली. मग आणखी हळू. मग थांबली. रेषा समोर दिसत होती.

का थांबली, याची सात कारणं कोपरीत त्या आठवड्यात तयार झाली. पण त्या क्षणी एकही सुचेना.

सुधीर खाली उतरला. त्याने बॉनेट उघडून बघितलं नाही की चाकाला लाथ मारली नाही. तो जीपच्या मागे गेला, खांदा लावला आणि ढकलू लागला. जीप इंचभर हलली. मग चालू लागली.

"चालतं!" त्र्यंबकरावांच्या तोंडून ओरडा निघाला. नियम त्यांना पाठ होते. "नियमात बसतं! ड्रायव्हरने एकट्याने ढकलत रेषेपार नेली तर शर्यत पुरी केली असं धरतात! शेवटचा का होईना, नंबर लागतो! अगं, नंबर लागतो आपला!"

बाकी ड्रायव्हर एव्हाना चहा पीत होते. त्या टोपीवाल्याच्या मित्रांचा घोळका आता मोठ्याने हसत होता. "हातगाडीची शर्यत पुढच्या रविवारी आहे!" कोणीतरी ओरडलं. सुधीर खाली मान घालून ढकलत होता. मध्येच त्याचा पाय घसरला, गुडघा टेकला, तो उठला आणि पुन्हा खांदा लावला. त्याने एकदाही इकडे तिकडे बघितलं नाही.

"आणि तुम्ही सगळे बघत काय उभे राहिलात?" वासंतीबाईंनी विचारलं.

"अगं, एकट्यानेच..."

वासंतीबाईंनी पदर खोचला, दोरी वर केली आणि खालून वाकून त्या पलीकडे गेल्या.

"अगं! हात लावू नकोस! बाद होईल!" त्र्यंबकराव किंचाळले आणि कोटासकट दोरीखालून घुसले. त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच जीप शर्यत पुरी करणार होती. पन्नास पावलं राहिली होती, आणि त्यांचीच बायको ती बुडवायला निघाली होती. ते धावले. पण वासंतीबाईंनी रोज विहिरीचं पाणी काढलेलं होतं आणि त्र्यंबकरावांनी रोज फायली. त्या आधी पोचल्या आणि त्यांनी जीपला दोन्ही हात लावले.

सोला हॅट घातलेले एक वयस्क पारशी गृहस्थ शिट्टी फुंकत आले. ते शर्यतीचे पंच होते. "बाई! बाई! टच नाय करायचा! ड्रायव्हर एकलाच पाहिजे! तुमी कोन याची?"

"सासू," वासंतीबाई म्हणाल्या आणि ढकलत राहिल्या.

सुधीरचे हात थांबले. जीप मात्र थांबली नाही, वासंतीबाईंमुळे.

"ढकल ना," त्या त्याला म्हणाल्या. "का मी एकटीनेच न्यायची?"

पंच काही वेळ बरोबर चालत राहिले. "रूलमधे सासू नाय," ते शेवटी खेदाने म्हणाले. "गाडी बाद करायला लागेल."

"करा की. तुम्ही तुमचं काम करा, आम्ही आमचं करतो."

त्र्यंबकराव धापा टाकत तिथे पोचले. त्यांच्यातल्या चाहत्याला रडू येत होतं आणि मुलीच्या बापाला काही वेगळंच. दोघांचे डोळे एकच असल्याने कोणाचं पाणी कोणतं, ते त्यांना सांगता येईना. मग जीप बादच झालीय तर आता काय, असा विचार करून त्यांनीही खांदा लावला. मागून महिपत आला, हेमा आली, आळी आली. रेषेवरून जीप गेली ती बरीच पुढे जाऊन थांबली, कारण थांबवायचं कोणाच्या लक्षात आलं नाही.

परतताना जीप दोराने लॉरीच्या मागे बांधली. जीपमध्ये सुकाणूवर सुधीर बसला.

"हेमाला बसू दे पुढे," वासंतीबाई म्हणाल्या. "ओढून नेलेल्या गाडीत कसली भीती?"

लॉरीतले सगळे मागे तोंड करून बसले आणि कल्याणपासून ठाण्यापर्यंत त्या दोघांकडे बघत राहिले. त्यामुळे त्या दोघांना एकमेकांशी एक शब्दही बोलता आला नाही, पण त्यांची तक्रार दिसली नाही. वासंतीबाई आता त्र्यंबकरावांशेजारी, गवतात बसल्या होत्या.

"अहो, ती हिरवी गाडी," त्या म्हणाल्या. "वळणावर ती फार बाहेर जात होती. सुधीरने आतून घातली असती तर?"

त्र्यंबकरावांनी त्यांच्याकडे टक लावून बघितलं.

"काय बघताय? मी आपलं विचारलं."

कोपरीच्या नाक्यावर दहावीस माणसं वाट बघत होती. दोराला बांधलेली जीप बघून त्यांचे चेहरे पडले. "काय त्र्यंबकराव, काय झालं? कितवा नंबर?"

त्र्यंबकरावांनी तोंड उघडलं, पण वासंतीबाई आधीच लॉरीच्या फळीला धरून उभ्या राहिल्या होत्या.

"नंबर कसला विचारता?" त्या म्हणाल्या. "हंगाम आत्ता कुठे सुरू झालाय."