रंग सोडणाऱ्यांचा परीक्षक

मी एका जुन्या पांढऱ्या चादरीचा तुकडा आहे. मित्रांनो, या घरात माझ्या संमतीशिवाय एकही गोधडी शिवली गेलेली नाही. संमती म्हणजे काय, तर नवं कापड ओलं करायचं, माझ्यावर ठेवायचं आणि वरून गरम इस्त्री दाबायची. मी कोरा राहिलो तर कापड पास. डाग पडला तर कापड नापास, आणि डाग माझा. असा परीक्षक तुम्ही पाहिला नसेल.

माझी बाकीची चादर केव्हाच एका गोधडीच्या अस्तरात जाऊन बसली. ती माणसांच्या अंगावर झोपते, उन्हात वाळते. मी मशीनच्या खणात, तुटक्या सुयांच्या संगतीत. मला कधी धुतलंही नाही. कुठल्या कापडाने किती रंग सोडला याचा पुरावा राहावा म्हणून. गोधडीत जायचं, एवढीच माझी इच्छा. कोपरा चालेल. पायाकडचाही.

गोधड्या शिवते ती थोरली बहीण. धाकटीला दूरच्या गावी नोकरी लागली, तेव्हा थोरलीने तिच्यासाठी एक शिवायला घेतली. मधोमध आईचा लाल सुती गाऊन लावायचा ठरला. आई गेल्यापासून तो कपाटात तसाच होता. धाकटी अधूनमधून कपाट उघडून त्यात नाक खुपसायची.

परीक्षा झाली. मी लालभडक झालो.

"धुवायला हवा," थोरली म्हणाली.

"अजिबात नाही. आईचा वास जाईल."

"नाही धुतला तर पहिल्याच धुण्यात शेजारच्या तुकड्यांवरची पांढरी फुलं गुलाबी होतील. मग मला फोन करून रडशील."

"पाण्यात मीठ टाक ना ताई. मिठाने रंग पक्का होतो म्हणतात."

"मीठ भाजीत टाक. सुटणारा रंग सुटतोच बाई. तो आधी काढायचा, मग कात्री लावायची."

"मग मी गोधडी धुणारच नाही!"

"तू? पहिल्याच आठवड्यात चहा सांडशील."

हे मात्र धाकटीला पटलं.

गाऊन गरम साबणाच्या पाण्यात बुडाला. पाणी नितळ येईपर्यंत थोरली ते बदलत राहिली, आणि धाकटी मोरीच्या दाराशी उभी राहून लाल पाणी वाहून जाताना बघत राहिली. वाळल्यावर गाऊन पास झाला. धाकटीने त्यात नाक खुपसलं. साबण. नुसता साबण.

मग तिने मला उचललं, हुंगलं आणि ओरडली, "ताई, इथे आहे! आई इथे आहे! हाच लाव मधोमध."

मधोमध! मित्रांनो, मी पायाकडचा कोपरा मागितला होता.

थोरलीने मला ओलं केलं, एका नव्या पांढऱ्या तुकड्यावर ठेवलं आणि इस्त्री दाबली. मी सगळं सोडलं. लाल, निळा, जांभळा, इतक्या वर्षांत जे जे पोटात घातलं ते सगळं.

नापास.

"धुऊन लाव की याला," धाकटी म्हणाली.

"धुतला तर वास कुठला राहायला?" थोरलीने मला नाकाशी धरलं. बराच वेळ धरलं. "अगं, हा आईचा वास नाही. कपाटातल्या डांबराच्या गोळ्यांचा आहे."

"काहीतरीच! मग आईचा कसा होता?"

दोघींनी मला आळीपाळीने पुन्हा हुंगलं. दोघींनाही आठवेना.

मित्रांनो, कापड कापण्याआधी धुवा. पाणी नितळ येईपर्यंत धुवा. आणि इतरांचे डाग झेलणाऱ्या तुकड्यालाही कधीतरी पाणी दाखवा. त्यालाही कुठेतरी जायचं असतं.

धाकटी गोधडी घेऊन गेली. परीक्षेला आता तो नवा तुकडा असतो. मी मशीनचं तेल पुसतो. गोधडीच्या घडीत ठेवायला धाकटीने जाताना डांबराच्या गोळ्या घेतल्या. त्या कुठल्याही किराणा दुकानात मिळतात.