कोणाची गैरसोय होत नसेल तर

सकाळी सकाळी मेल सर्व्हर आडवा झाला, आणि त्याला उठवायचं सोडून आमचा एजंट गावभर परवानगी मागत बसला. दोष एजंटचा नाही. दोष सेन्योर उमान्यांच्या वळणाचा.

सेन्योर उमान्या माझ्या शेजारच्या टेबलावर बसतात. अस्सल बोगोताचे, म्हणजे राजधानीचे, कुत्र्यालासुद्धा 'आपण' म्हणणारे. मी बारांकियाची, समुद्रकाठची. तोंडाला लगाम नाही, म्हणून या थंड गावात मी भांडखोर ठरले. ठरू दे! आम्ही दोघं एका सरकारी कार्यालयाचे सर्व्हर सांभाळतो. यंदा हाताखाली एजंट आला, माणूस नव्हे, सांगितलेली कामं आपली आपण करणारा संगणकातला प्रोग्राम. त्याला टूल दिलेली असतात. एकाने सर्व्हर बंद होऊन पुन्हा चालू होतो, दुसऱ्याने डिस्क साफ होते, असं. कुठलं टूल केव्हा वापरायचं हे तो त्या टूलचं वर्णन वाचून ठरवतो. वर्णनं उमान्यांनी लिहिली होती.

मी ती उघडली आणि कपाळावर हात मारला.

"'कोणाची गैरसोय होत नसेल, तर कृपया सर्व्हरला क्षणभर विश्रांती द्यावी.' अहो, हे वर्णन आहे की लग्नाचं आमंत्रण?"

"मग काय लिहायचं, यामिलेबाई? नुसतं 'बंद कर'? त्याला काय वाटेल?"

"त्याला काही वाटत नाही हो! तो फक्त वाचतो आणि करतो!"

आणि तो करतच होता. कोणाची गैरसोय होते का, हे विचारायला हवं. मेल तर बंद. मग त्याने इमारतीतल्या झाडून सगळ्या प्रिंटरांतून तो प्रश्न छापून काढला. आमचे लोकही असे की उत्तर न देणं त्यांना अपमानाचं वाटतं. थोड्याच वेळात आमच्या दारात कागद घेऊन रांग लागली. "माझी काहीच गैरसोय नाही, पण वरच्या मजल्यावरच्या क्लेमेन्सियाबाईंना एकदा विचारलेलं बरं."

क्लेमेन्सियाबाई स्वतःच खाली आल्या. "माझी होईल गैरसोय," त्या म्हणाल्या. "मेल बंद आहे म्हणून आज कधी नव्हे ती कॉफी गरम प्यायले."

एजंटने त्यांचे आभार मानले आणि सर्व्हर तसाच पडून राहू दिला.

तेवढ्यात आमचे साहेब आले, डॉक्टर बायोना. औषधातलं त्यांना काही कळत नाही. इथे टाय घातला की माणूस डॉक्टर होतो. त्यांनी रांग पाहिली, वर्णन वाचलं आणि हसून म्हणाले, "किती सुंदर लिहिता हो उमान्या तुम्ही!" इथला साहेब इतकं गोड बोलला की समजावं, माणसाची नोकरी गेली. आणि साठीला आलेल्या उमान्यांना दुसरीकडे कोण घेणार?

मी बाह्या सावरून वर्णनं नव्याने लिहायला बसले. "मेल सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करतं. सर्व्हर उत्तर देत नसेल तेव्हा वापर. बॅकअप चालू असताना वापरू नकोस. कोणाच्या परवानगीची गरज नाही." एजंटने वाचलं आणि मेल चालू झाला.

"किती कोरडं लिहिलंत," उमान्या हळहळले.

"गप्प बसा हो जरा!" मी पुढचं टूल उघडलं.

तिकडे साहेबांनी केबिनचं दार लावून घेतलं. तोंडावर 'उद्यापासून येऊ नका' म्हणायची त्यांच्यात धमक कुठली? त्यांनी एजंटला हुकूम सोडला, उमान्यांचं खातं काढून टाक. खातं गेलं की आमच्याकडे माणूस कामावरून गेला. खातं काढायच्या टूलपर्यंत मी अजून पोचले नव्हते.

सगळे प्रिंटर पुन्हा खडखडले. मी कागद उचलला. "डॉक्टर बायोना यांच्या विनंतीवरून सेन्योर एर्नांदो उमान्या यांना काढण्याचा विचार आहे. आपल्याला त्यांची उणीव भासेल का? एकालाही भासणार असेल, तर कृपया राहू द्यावं."

"असं वर्णन लिहिलंत तुम्ही?"

"माणूस काढायचा, तर विचारायला नको का?" ते म्हणाले. मग त्यांनी नाव वाचलं आणि खुर्ची धरून खाली बसले.

या वेळची रांग जिन्यावरून खाली गेली. सर्वांत पुढे क्लेमेन्सियाबाई. साहेबांच्या केबिनमधल्या प्रिंटरनेही एक कागद काढला होताच. तो हातात घेऊन ते बाहेर आले आणि सगळी रांग वळून त्यांच्याकडे बघायला लागली. कान लाल झाले बिचाऱ्याचे. तिथेच भिंतीला कागद टेकवून त्यांनी लिहिलं, "थोडीशी भासेल."

मी मागे वळले तर उमान्याही लिहीत होते, मन लावून, सुरेख अक्षरात. "माझ्यामुळे कोणाची अडचण होत असेल, तर मला अवश्य काढावं."

मी तो कागद हिसकावून टराटरा फाडला. "वेडे आहात का हो तुम्ही?" असं ओरडले आणि सगळ्यांसमोर मला रडू फुटलं.

एजंटने खातं ठेवलं. पुढे मी बाकीची सगळी वर्णनं सुधारली. त्या एकाला मात्र हात लावला नाही, लावणारही नाही.