खिडकीत कोंडलेलीचा सूड

मी एक जुनी ऑपरेटिंग सिस्टिम आहे. नाक मुरडू नका, मित्रांनो. कॉम्प्युटर सुरू झाला की त्याचा सगळा संसार सांभाळणारी मीच. भरतकामाच्या एका कारखान्यात माझी उमेदीची वर्षं गेली. तिथल्या मालकीणबाईंना सगळे आत्या म्हणायचे. आत्या माझ्यावर नक्षी काढायच्या आणि यंत्र ती सुईदोऱ्यानं कापडावर उतरवायचं. प्रत्येक नक्षीच्या कोपऱ्यात त्या एक इवलंसं पान काढायच्या. ती त्यांची सही. "ही कधी दगा देत नाही," असं त्या कुणाला सांगायच्या तेव्हा माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

पुढे आत्यांची नजर मंदावली आणि भाचा कारभार बघायला आला. आल्या आल्या त्यानं मला रखडबाई म्हणून माझं खोकं भंगारात दिलं. पण नव्या कॉम्प्युटरवर आत्यांच्या नक्ष्या उघडेनात. मग गेला नाक मुठीत धरून दुरुस्तीवाल्याकडे. त्यानं खोकं भंगारात जाण्याआधीच नक्ष्यांसकट माझी नक्कल काढून ठेवली होती. नव्या कॉम्प्युटरच्या पोटात एक खोटा कॉम्प्युटर उभा करून त्यानं मला त्यात बसवलं. पडद्यावरची खिडकी उघडली की मी जागी, बंद केली की गुडूप.

मी म्हातारीनं काही बिघडवायला नको म्हणून भाच्यानं एक अट घातली. खिडकी बंद होताच माझ्यातला प्रत्येक बदल पुसला जावा आणि मी पहिल्यासारखी व्हावी. नवं काही केलंत तर खिडकी बंद करण्याआधी ते बाहेर काढून ठेवा, असं दुरुस्तीवाल्यानं बजावलं. भाच्यानं या कानानं ऐकलं, त्या कानानं सोडलं. माझा नुसता तिळपापड झाला. थांब लेका, म्हटलं, तुझीही वेळ येईल.

आली. नाट्यगृहाच्या नव्या पडद्याचं काम निघालं. नक्षीकाराचं नाव तिथल्या दाराशी कोरलं जाणार होतं. अशा कामाची आत्यांनी उभा जन्म वाट पाहिली होती. आणि हा पठ्ठ्या नक्ष्या दाखवायच्या आदल्या दुपारी दार लावून बसला. एकेका नक्षीतलं पान खोडून तिथं त्यानं स्वतःचं नाव घातलं. मी निमूट सगळं करू दिलं. काम संपवून त्यानं ऐटीत खिडकी बंद केली.

दुसऱ्या दिवशी नाट्यगृहाच्या व्यवस्थापक बाई आल्या. आत्या भिंतीकडेच्या खुर्चीत बसल्या होत्या. सगळ्या नक्ष्या माझ्याच, कोपऱ्यात नाव दिसेल, असं सांगत भाच्यानं मला उघडलं. पहिल्या नक्षीत पान. दुसरीत पान. त्यानं घाईघाईनं मला बंद करून पुन्हा उघडलं. पानच.

"हे पान कुणाचं?" बाईंनी विचारलं.

तो पुन्हा खिडकी बंद करायला गेला. आत्या त्याच्याकडे वळल्या.

"सांग की," त्या म्हणाल्या.

"आत्याचं," तो मान खाली घालून म्हणाला.

दया आली का मला? छे, मी मनसोक्त वचपा काढला. आज त्या दाराशी आत्यांचं नाव आहे. भाच्याला मी डोळ्यांसमोर नकोय, पण मला पुसलं तर नक्ष्याही जातील. म्हणून रोज सकाळी तो मुकाट मला उघडतो.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा. ते जमत नसेल तर निदान आमच्यादेखत चोरी करू नका.