दिवाणात उजळलेले आबासाहेब

सावेडीतल्या त्या रो-हाउसच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी अकरा वाजता रात्र करण्यात आली होती. खिडक्यांना जाड चादरी ठोकल्या होत्या, दाराच्या फटीत गोणपाट कोंबलं होतं आणि बावीस माणसं एकमेकांच्या घामात बसून श्वास रोखून पाहत होती. श्वास रोखायला भक्तीखेरीज आणखी एक कारण होतं. हॉलमध्ये मुताचा उग्र वास मारत होता.

"ज्यांच्या अंगावर पांढरे कपडे असतील त्यांनी भायेर व्हा," बत्तीवाले महाराजांनी आधीच बजावलं होतं. "गेलेला जीव पांढऱ्याला भुलतो. मंग मला सापडाया लई जड जातं." नगरकडचा जाणता माणूस म्हणजे पांढरा सदरा, पांढरं धोतर, पांढरी टोपी. त्यामुळे गावाकडून मुद्दाम आलेले सात-आठ म्हातारे निमूट उठून बाहेर चपलांपाशी जाऊन उभे राहिले. पांढऱ्याचं आणि भुताचं काय वाकडं आहे, हे विचारावंसं त्यांच्यातल्या एकालाही वाटलं नाही.

आत महाराजांचं सुरू झालं होतं. "ऱ्हीम् क्लीम् आबासाहेब, जागा दावा साहेब, रुसला असाल तर बोला, बसला असाल तर हला." असला मंत्र कुठल्या ग्रंथात आहे, हेही कुणी विचारलं नाही. मग टक्कन बटण वाजलं. महाराजांच्या मुठीतून जांभळा उजेड पडला आणि भिंतीकडेच्या दिवाणावर फिरत फिरत पायगतीशी थांबला. तिथल्या गादीपाटाच्या, म्हणजे दिवाणालाच ठोकलेल्या फोमच्या बैठकीच्या बाजूवर, जमिनीपासून वीतभर उंचीवर, पिवळसर हिरवा डाग उजळला. त्याचे ओघळ खालपर्यंत आले होते.

"आबा," असं म्हणून राजेश्वरीने हंबरडा फोडला. बायकांनी हात जोडले. एकीने तर दिवाणालाच नमस्कार घातला.

स्वयंपाकघराच्या दाराशी उभी असलेली रेश्मा हे सगळं पाहत होती. आबासाहेब तिचे सासरे, राजेश्वरी तिची राहुरीला दिलेली थोरली नणंद. अर्धांगवायूने आबासाहेब दोन वर्षं याच दिवाणावर पडून होते आणि जूनमध्ये गेले. अंथरूण रीतीप्रमाणे टाकून दिलं, दिवाण मात्र सागवानी म्हणून ठेवला. दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. घाटावर त्या दिवशी नऊ जणांचे दहावे होते आणि कावळ्यांची पोटं तुडुंब भरलेली होती, पण एवढा साधा हिशेब करायला कोण तयार होतं? शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिवला आणि पाहुणे कुजबुजत घरी गेले, आबांचं काहीतरी राहिलंय. जुलैत दिवाणाला वास यायला लागला. मग काय राहिलंय ते सगळ्यांना एकदमच कळलं.

महाराजांनी ते आता उघडच सांगितलं. "म्हाताऱ्याला वलं ठिवलं. वेळंवर कपडे बदलले न्हाईत. त्यो जीव त्याच वलीत अडकलाय." जांभळा उजेड सावकाश वळला आणि रेश्माच्या पायांवर पडला. "सात दिवस सुनेनं तिच्या हातानं ह्ये तीर्थ शिंपडायचं. दिवाणाला, उंबऱ्याला, सगळ्या घरात. येत्या रविवारी म्या परत येतो. समद्यांच्या म्होरं तिनं दिवाणापुढं नाक घासायचं अन् कबूल व्हायचं. न्हाईतर आबा घरभर पसरत्याल."

पाहुणे गेल्यावर रेश्मा नवऱ्याला म्हणाली, "अहो, तुम्ही काहीच बोलला नाहीत."

सुनील मोबाईल चार्जिंगला लावत होता. "म्हणून टाक ना दोन शब्द. तुझं काय जातंय? ताईचं समाधान होईल, विषय संपेल."

दोन वर्षांत बापाची चादर एकदाही न बदललेला हा माणूस तिला विचारत होता, तुझं काय जातंय. मंगळवारी सृष्टी शाळेतून रडत आली. व्हॅनमधल्या मुलींनी तिला विचारलं होतं, तुझ्या आईने आजोबांना ओल्यात झोपवलं म्हणून त्यांचं भूत झालं का? नऊ वर्षांच्या लेकीने तेच आईला विचारलं आणि उत्तरासाठी तिच्या तोंडाकडे पाहत राहिली. त्या घटकेला रेश्माला कळलं की काय जाणार आहे. रविवारी तिने नाक घासलं की ही पोर जन्मभर तेच खरं मानणार होती.

बुधवारी दुपारी घरात एकटी असताना ती महाराजांची बाटली घेऊन दिवाणाजवळ बसली. शिंपडायच्या आधी तिने वाकून डागाचा वास घेतला. आजवर सगळे नाकाला पदर लावून लांबूनच आबांना शोधत होते. जवळ जाऊन नीट हुंगायचं कुणालाच सुचलं नव्हतं.

हा वास आबांचा नव्हता. तिच्याइतकं ते कुणाला ठाऊक असणार? आबांनी पाणी कमी प्यायलेलं तिला वासावरून कळायचं. लघवीत जंतू झाले की डॉक्टरांचा रिपोर्ट यायच्या आधी ती औषधाची चिठ्ठी मागायला जायची. हा वास निराळा होता, तिखट, डोळ्यांत झोंबणारा. आणि तीर्थाच्या बाटलीला तर सरळ गोठ्याचा वास येत होता.

पलीकडच्या गल्लीत डॉ. पंकजा राहायच्या. जनावरांच्या डॉक्टर. राहुरी भागातल्या गोठ्यांवर दिवसभर हिंडून त्या संध्याकाळी परतल्या आणि रेश्माचं बोलणं पुरतं ऐकूनही न घेता तिच्याबरोबर आल्या. हॉलमध्ये पाऊल टाकताच त्या हसल्या.

"बोका," त्या म्हणाल्या.

"काय?"

"अगं, बोका. नर मांजर. आपली हद्द आखायला शेपटी वर करून उभ्यावर फवारा मारतं. म्हणून डाग आडव्या गादीवर नाही, उभ्या बाजूवर आहे, वीतभर उंचीवर. तुझे सासरे अंथरुणाला खिळलेले. ते खाली उतरून दिवाणाच्या बाजूवर कसे करतील, हे तरी त्या बावीस शहाण्यांना सुचायला हवं होतं."

बोका कुठून येतो तेही दोन मिनिटांत सापडलं. मोरीच्या खिडकीची जाळी एका कोपऱ्यात फाटली होती आणि फाटक्या तारेत पिवळे केस अडकले होते. आबा होते तोवर हॉलमध्ये दिवसभर माणूस असायचं. ते गेल्यावर दुपारी हॉल रिकामा राहू लागला आणि बोक्याने तो ताब्यात घेतला.

"पण मी फिनेलने पुसलं, पाण्याने घासलं. दोन दिवस बरं वाटतं, पाऊस झाला की पुन्हा घमघमतं."

"त्या मुतातले क्षारांचे बारीक खडे पाण्याने निघत नाहीत. सुकले की गप्प बसतात, हवेत ओल आली की परत उठतात. त्यात तू रोज हे शिंपडतेस." पंकजांनी बाटली उघडून हुंगली. "गोमूत्र आहे. दुसऱ्या जनावराच्या मुताचा वास आला की बोका त्यावर आणखी मारणार. वास वाढायची सोय तुमच्या महाराजांनी तुझ्याच हातून केलीय."

"आणि तो उजेड?"

पंकजांनी पर्समधून एक छोटी बत्ती काढली. तसाच जांभळा उजेड पडला, तसाच डाग उजळला. "मांजरा-कुत्र्यांचं गजकर्ण बघायला आम्ही ही वापरतो. मूत कुणाचंही असो, हिच्याखाली चमकतं. बाबाने तुला उंबऱ्यावर काय शिंपडायला लावलंय, ते आलं ना ध्यानात?"

रेश्माच्या आलं. गुरुवारपासून तिने तीर्थ शिंपडणं बंद केलं नाही, फक्त शनिवारी दुपारी त्यातलं थोडं आपल्या मर्जीने आणखी एका जागी शिंपडलं.

रविवारी बावीसची चाळीस माणसं झाली होती. नाक घासणारी सून बघायला माणूस नारायणगावाहून सुद्धा येतो. पंकजाही येऊन बसल्या. पांढरे कपडेवाले पुन्हा बाहेर गेले. महाराज गेल्या रविवारच्याच वेताच्या खुर्चीत बसले, मंत्र झाला, अंधारात बटण टकटकलं. या खेपेला दिवाणच नाही, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरही थेंबाथेंबांची रांग उजळली.

"बघा, बघा. सुनंच्या मागं मागं आबांची पावलं," महाराज गरजले. "बाई, अजून येळ हाय. नाक घास अन् कबूल हो."

"होते ना," रेश्मा पुढे येऊन म्हणाली. "आधी तुम्ही जरा उठा महाराज."

"कशापायी?"

"आबा आणखी कुठे आहेत ते बघायचंय."

महाराज गोंधळून उठले आणि त्याच क्षणी पंकजांनी आपली बत्ती खुर्चीवर धरली. वेताच्या बैठकीवर हातभर पिवळा डाग लखलखत होता. कुणीतरी फिसकन हसलं.

"काल दुपारी तुमचंच तीर्थ मी तुमच्या खुर्चीवर शिंपडलं," रेश्मा म्हणाली. "आबा लगेच तिथे जाऊन बसले. त्यांची तुमची तर ओळखही नव्हती." मग तिने वाटीत उरलेलं तीर्थ ओतलं. वाटीसुद्धा उजळली. "हे जनावराचं मूत आहे. मूत या बत्तीत चमकतं. दिवाणावरचं बोक्याचं, उंबऱ्यावरचं तुम्ही बाटलीत भरून दिलेलं."

तिने दार अर्धं उघडून म्हाताऱ्यांना आत घेतलं आणि पुन्हा लावलं. बत्ती त्यांच्यावर वळताच सात-आठ सदरे, धोतरं आणि टोप्या निळ्या चांदण्यासारख्या पेटल्या.

"कपडे धुवायच्या पावडरीत पांढरेपणा आणणारं रसायन असतं, ते चमकतं," पंकजांनी सांगितलं. "यांना आत बसू दिलं असतं तर आबासाहेब एका वेळी आठ जणांच्या अंगात दिसले असते. म्हणून यांना बाहेर काढलं. जीव पांढऱ्याला भुलतो म्हणे."

"तुमची बत्ती विज्ञानाची हाय, माझी ज्ञानाची," महाराजांनी शेवटचा प्रयत्न केला. पंकजांनी हॉलमधला दिवा लावला, त्यांच्या हातातली बत्ती घेतली आणि दोन्ही शेजारी धरल्या. दोन्हींवर एकाच कंपनीचं लेबल होतं.

म्हाताऱ्यांतले काकासाहेब, आबांचे चुलतभाऊ, आता पहिल्यांदाच महाराजांना जवळून पाहत होते. "तू अजिनाथ न्हाई व्हय? पतसंस्थेत काउंटरवर असल्याच बत्तीनं नोटा तपासायचास की रं. ती बुडाली अन् तू ह्यो धंदा धरला व्हय?"

चादरी निघेपर्यंत महाराज फाटकाबाहेर गेले होते आणि त्यांची झोळी सांभाळणारे दोन भक्त रिक्षा शोधत होते.

हॉलमध्ये एकच हशा उसळला. मागच्या रविवारी दिवाणाला नमस्कार घालणारी बाई सगळ्यांत मोठ्याने हसत होती आणि मला तर पहिल्यापासूनच शंका होती असं शेजारणीला सांगत होती. राजेश्वरी डोळे पुसत म्हणाली, "जाऊ दे बाई, फसलो सगळेच. रेश्मा, चहा टाक सगळ्यांना."

"मी फसले नव्हते ताई," रेश्मा म्हणाली. हसणं थांबलं. "महाराज परके. ते आबांना कधी भेटले नव्हते. पण तुम्ही त्यांची लेक, हे त्यांचा मुलगा. दोन वर्षं आबांना रोज दोनदा पुसून मी कोरडं केलं, ते या घरातच केलं, तुमच्या डोळ्यांदेखत. एका बत्तीच्या उजेडात ते सगळं तुम्हाला दिसेनासं झालं. वास आबांचा नाही हे मला एका हुंगण्यात कळलं. तुम्हाला कळलं नाही, कारण तुम्ही कधी त्यांच्या इतक्या जवळ गेलाच नव्हता."

सृष्टी येऊन आईला चिकटून उभी राहिली. सुनील खाली पाहत होता. पंकजांनी त्याच्या हातात एक चिठ्ठी दिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात कामं सांगितली. गादीपाटाचं कापड काढून आतला भिजलेला फोम फेकून द्यायचा. लाकडावर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मेनिम्मे, ते वाळलं की खायचा सोडा. मग पाळीव प्राण्यांच्या दुकानातलं एन्झाइमचं द्रावण रात्रभर मुरवून ठेवायचं आणि दिवाण उन्हात वाळवायचा. फिनेल नको, गोमूत्र तर नकोच. आणि सगळ्यांआधी मोरीची जाळी बदलायची. जाळीला लागला अर्धा तास, वास जायला आठवडा. सगळं सुनीलने केलं, कारण रेश्माने त्याला हात लावायला साफ नकार दिला.

वाचकहो, तुमच्याही घरात उद्या कसला तरी वास येईल, कसला तरी आवाज होईल, भिंतीवर काहीतरी उमटेल. त्या वेळी बाबाचा नंबर शोधू नका. आधी वाका, जवळ जा, हुंगा, खिडक्या तपासा, आणि कळलं नाही तर ज्याला कळतं त्याला विचारा. अंधार करून दाखवला जाणारा कुठलाही चमत्कार दिवा लावून पुन्हा एकदा दाखवायला सांगा. एवढंही जमत नसेल तर निदान आपल्या खात्रीपायी घरातल्या एखाद्या बाईला गुन्हेगार ठरवू नका. त्या दिवशी चाळीस माणसं चहा न पिताच गेली, पण त्यांच्यातल्या एकानेही जाता जाता रेश्माची माफी मागितली नाही.