भात आणि राख

"आधी चहा घे, को थान. ढोलक्यांचं नंतर बोलू," असं म्हणत अमा ऑन चीने थर्मास माझ्यापुढे सरकवला, आणि मला कळलं की नंतरही काही बोलणं होणार नाही.

ती माझी सख्खी बहीण नव्हे. आमच्या वाद्यवृंदाचे प्रमुख आणि गुरू, साया बा ल्विन, यांची ती बायको, पण पहिल्या दिवसापासून मी तिला अमाच म्हणत आलोय, थोरली बहीण. आदल्या दिवशी सायांचा सातव्या दिवसाचा विधी झाला होता. भिक्खूंची जेवणं झाली, नातेवाईक आपापल्या गावी गेले आणि सगाईंग गावातलं ते घर एकदम मोठं वाटायला लागलं. भिंतीशी पांढऱ्या चादरीखाली सायांच्या एकवीस ढोलक्या होत्या. अमा त्यांच्याकडे पाठ करून बसली होती.

"येमिनने पाठवलं ना तुला?"

"त्याने कशाला पाठवायला हवं? मी चहा प्यायला आलो."

"नुसत्या चहाला तू या घरात कधी आलायस? कायम जेवायच्या वेळेलाच उगवतोस."

मी चहा घेतला. पाठवलं येमिननेच होतं. येमिन सायांचा भाचा. आता ढोलक्यांच्या गोल रिंगणात, सायांच्या जागी, तोच बसणार होता. तीन दिवसांनी नदीपलीकडच्या गावात मुलांना श्रामणेर, म्हणजे बालभिक्खू, करण्याचा सोहळा होता. सायांनी स्वतः सुपारी घेतलेली. मठातली तारीख आमच्यासाठी थोडीच हलणार. पण अमा कोणाला त्या चादरीला हात लावू देत नव्हती.

आणि हात लावणं भाग होतं. आमच्या ढोलक्या सुरात येतात त्या लेपावर. भात मऊ शिजवायचा, त्यात चिंचेच्या लाकडाची राख मळायची आणि त्याचा गोळा प्रत्येक ढोलकीच्या मधोमध अंगठ्याने दाबून बसवायचा. जास्त लावला की सूर उतरतो, कमी केला की चढतो. वाजवून झालं की त्याच दिवशी ओल्या फडक्याने तो पुसून टाकायचा. तसाच राहिला तर सुकून दगड होतो, कातडं ओढतो आणि एक दिवस कातडं फाटतं. साया कितीही दमले तरी पुसल्याशिवाय जेवणाला शिवायचे नाहीत. पण त्या दिवशी साया रिंगणातच कोसळले. ढोलक्या पुसायचं भान कोणाला असणार? आम्ही त्या काढल्या तशाच ट्रकमध्ये घातल्या.

"अमा, कातडी जातील," मी शेवटी म्हणालो.

"जाऊ देत."

"सायांना आवडलं असतं का?"

"त्यांना माझं काय आवडायचं, ते सांग मला."

हा टोमणा मला नव्हता. चाळीस वर्षं अमाने लेप शिजवला. मुक्काम कुठेही असो, दोन विटांची चूल मांडायची, भात लावायचा, राख चाळायची आणि पितळी वाडगा झाकून रिंगणाबाहेर ठेवायचा. बाईमाणसाने रिंगणात पाऊल ठेवायचं नाही, म्हणून ती बाहेरच थांबायची. साया चिमूटभर लेप घेऊन बोटांत चोळायचे, हुंगायचे आणि काहीतरी खोड काढायचे. आज भात कच्चा. आज राख जाड. आज मळताना हात लागला नाही. छान झालाय, असं मी तरी त्यांच्या तोंडून ऐकलं नाही. मी अगदी त्यांच्या कडेला बसायचो. माझं काम म्हणजे एका हातात बारकी झांज, दुसऱ्या हातात बांबूची चिपळी. वृंदात माझ्याकडे कोणी बघत नाही, त्यामुळे मला सगळ्यांकडे बघता येतं.

"त्या दिवशी लाकडं ओली होती," अमा अचानक बोलायला लागली. "विस्तव धरेना. तिकडे श्रामणेर व्हायची पोरं मिरवणुकीच्या घोड्यांवर बसली, तुम्ही सगळे आरडाओरडा करायला लागलात. मी भात लवकर उतरवला. मला माहीत होतं लवकर उतरवतेय ते. यांनी चिमूट घेतली आणि म्हणाले, पाणी सुटलंय याला. मी काय म्हणाले ठाऊक आहे?"

मला ठाऊक होतं. मी तिथेच होतो.

"मी म्हणाले, तेवढ्यावर भागवा. आणि मी निघून गेले चुलीकडे. माणसाशी शेवटचं बोलले ते हे."

"अमा, डॉक्टर म्हणाले हृदय होतं."

"डॉक्टरला लेपातलं काय कळतंय? लेप ओला असला की निसटतो. सूर जागेवर राहत नाही. पुन्हा लावा, पुन्हा दाबा, मधेच वाजवा. मला चुलीपाशी ऐकू येत होतं, सूर चढत होता. त्या उन्हात यांची नुसती झटापट चालली असणार. माझ्यामुळे गेले ते, को थान."

मी खाली बघितलं. आठ दिवस आम्ही सगळे समजत होतो की नवऱ्याच्या आठवणीने तिला ढोलक्या बघवत नाहीत. हे काही वेगळंच निघालं.

"मी शेजारी बसलो होतो. लेप चांगला होता," मी म्हणालो. "एकदाही निसटला नाही."

"माणूस गेल्यावर सगळे गोडच बोलतात. आणि तू तर डोळे मिटून वाजवतोस."

वाजवताना मी डोळे मिटतो हे खरं होतं, बघतो ते मधल्या वेळात. पण मग माझ्या डोक्यात आलं की माझ्या शब्दाची गरजच काय? पाणी जास्त झालेला लेप सुकला की पापुद्रा होऊन गळून पडतो. पुन्हा पुन्हा लावला असेल तर त्याचे थर दिसणार. जे काय घडलं ते त्या चादरीखाली अजून तसंच होतं.

"चादर काढली की कळेल," मी म्हणालो.

"म्हणूनच काढत नाही मी."

बाहेर उन्हाचा नुसता रखरखाट होता. थोड्या वेळाने चादरीखालून 'टक्' असा बारीक आवाज आला. ताणलेलं कातडं कुरकुरलं होतं. अमा ताडकन उठली. चाळीस वर्षं जिने ती कातडी उंदरांपासून, दमट हवेपासून आणि येमिनच्या मोटरसायकलपासून जपली, तिला तो आवाज ऐकवेना. तिने स्वतःच चादर ओढली.

मी एकेक ढोलकी उचलून तिच्यापुढे ओळीने मांडली, मोठीपासून छोटीपर्यंत. लेप राखाडी पडून कडक झाले होते. प्रत्येकावर सायांचा अंगठा उमटला होता. तरुणपणी बैलगाडीच्या चाकाखाली सापडून तो अंगठा वाकडा झालेला, त्यामुळे ठसाही तिरका. एक दाब आणि एकच थर. कुठे भेग नाही की पापुद्रा नाही.

अमाने सर्वांत मोठ्या ढोलकीवर नख घासलं. काही निघालं नाही.

"घट्ट आहे," ती म्हणाली.

ती गुडघ्यांवर सरकत सरकत पुढे गेली. प्रत्येक लेपाला नख लावून बघत होती. घट्ट. हाही घट्ट. मधल्या एका ढोलकीपाशी मात्र थांबली. तिथे लेप जाड होता, एकावर एक दोन थर.

"हे बघ. इथे पुन्हा लावलाय."

"ती सासू आहे, अमा."

तिने माझ्याकडे रोखून बघितलं. मी थट्टा करत नव्हतो, त्या ढोलकीला साया सासूच म्हणायचे. त्या ढोलकीचं कातडं जुनं होतं, ऊन लागलं की लगेच आवळायचं, सूर चढायचा, आणि साया दर कार्यक्रमात रिंगणातून ओरडायचे, सासूला अजून थोडं द्या. हे ओरडणं अमाने चुलीपाशी बसून जन्मभर ऐकलं होतं.

"सासूच आहे," ती हळूच म्हणाली. "हिचं कधी पोट भरायचं नाही."

शेवटच्या ढोलकीपर्यंत ती गेली. मग मांडी घालून बसली.

"मग मला का म्हणाले, पाणी सुटलंय?"

"चाळीस वर्षांत कुठल्या दिवशी काही म्हणाले नाहीत?"

अमा आधी हसली आणि हसता हसताच रडायला लागली. आठ दिवसांत ती लोकांसमोर रडली नव्हती. मलाही आवरलं नाही. साया तिरसट होते, पण या घरात त्यांच्याशिवाय बसणं मला सोसत नव्हतं.

बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले आणि फडकं भिजवून आणलं. पण ते हातात धरून नुसती बसून राहिली.

"पुसलं की गेलं," ती म्हणाली.

"मोबाइलवर फोटो काढून ठेवू?"

"फोटोत घट्ट आहे ते कळतं का?"

मी मोबाइल परत खिशात ठेवला. मी पुसतो म्हणालो, तर नको म्हणाली. ढोलक्या रिंगणाबाहेर होत्या, तिला अडवणारं कोणी नव्हतं. ओलं फडकं प्रत्येकीवर ठेवून ती लेप भिजू द्यायची, मग बोटांनी हलकेच सोडवायची. ठसा आधी फुगायचा, मग पुसट व्हायचा. एकीपाशीही ती रेंगाळली नाही. सगळा लेप पितळी वाडग्यात जमला तेव्हा सवयीने कोंबड्या पायरीशी येऊन उभ्या राहिल्या, कारण उरलेला लेप नेहमी त्यांचाच. अमाने वाडगा क्षणभर छातीशी धरला आणि मग त्यांच्यापुढे उपडा केला.

तीन दिवसांनी नदीपलीकडे आम्ही रिंगण उभं केलं. ढोलक्यांपुढे नारळ आणि केळी ठेवली, सनईवाल्याने सनईच्या तोंडाची पानं भिजवली. अमाने येऊ नये असं आम्हाला वाटत होतं, पण ती ट्रकमध्ये सगळ्यांच्या आधी बसली होती. दोन विटांची चूल मांडून तिने भात शिजवला, राख मळली आणि वाडगा रिंगणाच्या कडेला आणला.

येमिनने चिमूट घेतली, बोटांत चोळली.

"एकदम छान झालाय, दॉदॉ," तो म्हणाला.

पोरगा आपल्या दॉदॉचं, मामीचं, मन राखत होता. अमा जागची हलली नाही.

"नीट बघ. पाणी सुटलं असेल."

"नाही हो, अगदी हवा तसा आहे. याहून चांगला होऊच शकत नाही."

तिचा चेहरा उतरला. ती वळली आणि चुलीपाशी जाऊन आमच्याकडे पाठ करून बसली. येमिन माझ्याकडे बघायला लागला, माझं काय चुकलं म्हणून. त्याला काय सांगणार? मी झांज आणि चिपळी खाली ठेवली, वाडग्यातून चिमूटभर लेप उचलला, चोळला, नाकाशी धरला. भात आणि राख, दुसरा कसलाही वास नाही.

"अमा," मी तिथूनच मोठ्याने म्हणालो, "आज राख जाड राहिलीय."

सनईवाला माझ्याकडे बघतच राहिला. अमाने बाहीने नाक पुसलं आणि विझत आलेलं लाकूड पुढे सारलं.

"चिपळी वाजवणाऱ्याने लेपावर बोलू नये," ती मागे न बघता म्हणाली. "तेवढ्यावर भागव."