खुर्चीवरची छत्री

मी एक फार्स बोलतोय. एकाच अंकाचा, जेमतेम पाऊण तासाचा. माझी गोष्ट साधी आहे. लंडनच्या एका भाड्याच्या घरात शेकोटीजवळ एकच खुर्ची आणि भाडेकरू दोन. भित्रा भाडेकरू खुर्चीवर छत्री ठेवून जेवायला जातो. दांडगा येतो, छत्री खिडकीबाहेर फेकतो आणि पाय पसरून बसतो. यावर लंडनचे लोक पोट धरून हसत.

तेव्हाचा रिवाजच तसा होता. आधी पाच अंकांची शोकांतिका, शेवटी मी. रडलेल्यांना हसवून घरी पाठवणं हे माझं काम.

पुढे बार्नाबी टकवेल या म्हाताऱ्या विनोदी नटाच्या ट्रंकेतून मी ऑस्ट्रेलियात आलो. छोटी कंपनी, तंबूतले खेळ, सोन्याच्या खाणींची गावं. तिथं शोकांतिकेतला राजा मेला, की प्रेक्षक उठून गुत्त्याकडे चालू लागत. शेवटी मालकीणबाई मिसेस क्राउच बार्नाबीला म्हणाल्या, "आज तंबू रिकामा झाला, तर उद्या गाडीत तुमचा फार्स नाही आणि तुम्हीही नाही. वाईट वाटून घेऊ नका."

"वाटून घ्यायला वेळ कुठाय, बाईसाहेब? मला रंग लावायचाय."

असं म्हणाला खरा, पण रंगाच्या डबीआधी त्यानं माझी पानं उघडली आणि पाठ असलेल्या ओळी पुन्हा वाचून काढल्या.

राजा मेला, लोक उठू लागले. घाईघाईनं पडदा वर गेला. भित्र्याचं काम करणाऱ्या फिंचनं छत्री ठेवली, बार्नाबीनं ती फेकली. कोणी हसलं नाही. पुढच्या बाकावरून पेनरोज नावाचा धिप्पाड खाणकामगार उभा राहिला.

"छत्री परत आण."

खाणीवरचा कायदा असा, की खड्ड्यात फावडं ठेवून माणूस जेवायला गेला, तरी खड्डा त्याचाच. तंबूत गलका झाला. दाराशी पोचलेले परतले, कोणीतरी गुत्त्यातल्या मंडळींनाही बोलावून आणलं. फिंच घाबरून म्हणाला, खुर्ची राहू दे, मी उभा राहीन.

"तू गप," पेनरोज म्हणाला. "इथं तुझ्या हक्काचं चाललंय."

माझ्या पानांत यावर एकही ओळ नव्हती. बार्नाबी खुर्चीवरून उठला, टोपी काढली आणि नम्रपणे विचारलं, "पंच कोण?"

मग रीतसर सुनावणी झाली. छत्रीनं खणता येत नाही, तेव्हा ती अवजार कशी, असा एकाचा मुद्दा होता. त्याला खाली बसवण्यात आलं. निकाल फिंचच्या बाजूनं लागला. बार्नाबी खिडकीतून बाहेर उतरला, मोडकी छत्री दोन्ही हातांवर घेऊन आला, ती खुर्चीवर ठेवली आणि तिला लवून मुजरा केला. सगळा तंबू खदाखदा हसला. पेनरोज तर बाकावरून खाली पडला.

मिसेस क्राउच डोळे पुसत आत आल्या. "उद्या गाडीत पुढे बसा," त्या म्हणाल्या, "आणि शेवट हाच ठेवा."

बार्नाबीनं माझं शेवटचं पान खोडलं आणि तिथं फक्त 'पंच कोण?' एवढंच लिहिलं. त्यानंतर प्रत्येक गावानं मला आपापला निकाल दिला. पुढे कंपनी बोटीनं कोलंबोला गेली, तिथल्या मळेवाल्या साहेबांनी तर खुर्ची दांडग्याला देऊन भित्र्यालाच माफी मागायला लावली.

आता मी मेलबर्नच्या एका ग्रंथालयात आहे. एक विदुषी पांढरे हातमोजे घालून माझी पानं उलटतात, टिपणं काढतात, हसत मात्र नाहीत. बाई, ते मोजे काढा. दोन माणसं उभी करा, मध्ये एक खुर्ची ठेवा आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलवा. बघू, तुमचं गाव कोणाला बसवतंय.