डावी बाही

रविवार, २३ जानेवारी १९७२. दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी आबेदा शेख हिने खडकीतल्या कामगार वसाहतीच्या हॉलमध्ये, पहिलं बक्षीस मिळालेल्या राखाडी स्वेटरची डावी बाही उसवायला सुरुवात केली. महिला मंडळाचं विणकामाचं प्रदर्शन होतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जोडून ठेवलेलं, त्यामुळे हॉलमध्ये साठ-सत्तर बायका होत्या. पहिल्या मिनिटभरात कोणाच्या लक्षात आलं नाही. आबेदा टेबलाशी उभी होती, मनगटाच्या काठाचा शेवटचा टाका तिने नखाने सोडवला आणि धागा ओढून डाव्या हाताच्या बोटांवर गुंडाळायला लागली. मंडळाच्या चिटणीस आनंदीबाई जगदाळे टेबलापाशी पोचल्या तोवर मनगटाचा काठ गेला होता आणि बाही चार बोटं आखूड झाली होती.

स्वेटरवर टाचलेल्या कार्डावर सौ. आनंदीबाई जगदाळे असं नाव होतं.

आबेदा दारूगोळ्याच्या कारखान्यात पॅकिंगला होती. ऑक्टोबरपासून तिथे बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या सुरू झाल्या, आणि डिसेंबरात लढाई लागली, थांबली तरी त्या लगेच बंद झाल्या नाहीत. तीन महिने ती घरी येऊन जेवायची आणि झोपायची. सासूबाई अख्तरबानू स्वयंपाक बघायच्या. विणकामाची खाकी पिशवी खुंटीवर तशीच राहिली. पिशवीत पाच कामं अर्धी होती: भाचीचा फ्रॉक, वडलांचा मफलर, एक कानटोपी, शेजारच्या सरोजिनीच्या नातवाचे मोजे, आणि नवऱ्याचा, रज्जाकचा, राखाडी स्वेटर.

रज्जाकला डावा हात कोपराखाली वीतभरच आहे. सोळाव्या वर्षी लोणी काळभोरला एका गुऱ्हाळावर ऊस घालताना चरकात हात गेला. आता तो खडकी स्टेशनाबाहेरचा सायकलस्टँड सांभाळतो. पहिली गाडी पहाटेची, म्हणून तो पाच वाजता उघड्यावर उभा असतो. थंडीत तोडलेल्या जागेची हाडं ठणकतात. बाजारच्या स्वेटरची बाही दुमडून पिन लावली की वारा आत शिरतो, आणि पिन उघडली की टोचते. बांधून टाकावी तर गाठीचा गोळा नेमका दुखऱ्या जागी येतो. दोन हिवाळे आबेदाने यावर डोकं चालवलं होतं.

तिने बाही मुंढ्याकडून खाली विणायला घेतली. रोज संध्याकाळी ती रज्जाकच्या अंगात स्वेटर चढवायची, सुया तशाच लटकत ठेवून, आणि हात कुठे संपतो ते बघायची. तिथे पोचल्यावर तिने टाके कमी करत नेले, जसे मोज्याच्या पुढच्या टोकाला करतात, आणि बाही बंद केली. पहिल्या वेळी टोक टोकदार झालं, उसवलं. दुसऱ्या वेळी शिवण नेमकी व्रणावर आली, तेही उसवलं. तिसऱ्या वेळी शिवण वरच्या बाजूला घेतली आणि आतून दुहेरी विणलं. रज्जाकने हात घातला आणि तासभर काढला नाही. हे सप्टेंबरच्या अखेरीचं. राहिली होती फक्त उजवी बाही आणि गळा.

वसाहतीत एक रीत आहे. घरात बाळंतपण असेल, कोणी आजारी असेल किंवा पाळ्या लागल्या असतील, तर अर्धं विणकाम शेजारी जातं. शेजारीण ते पुरं करते आणि परत देते. नाव कोणी काढत नाही, कारण पुढच्या वर्षी उलट दिशेने पिशवी जाते. अख्तरबानूंनी त्याच रीतीने नोव्हेंबरात स्वेटर सरोजिनीकडे दिला. एक बाही आणि गळा, एवढंच सांगितलं. डाव्या बाहीबद्दल वेगळं सांगायची गरज त्यांना वाटली नाही. सरोजिनी दोन दारं सोडून राहते, रज्जाकला रोज बघते.

सरोजिनीला मात्र त्याच आठवड्यात आईच्या दुखण्यासाठी मांजरीला जावं लागलं. जाताना तिने स्वेटर मंडळात नेऊन ठेवला, आबेदाचा आहे, कोणीतरी पुरा करा, असं म्हणून. मंडळात त्या वेळी लष्करी इस्पितळातल्या जवानांसाठी स्वेटर गोळा होत होते, तेही राखाडीच. आनंदीबाईंनी तो त्या ढिगात घेतला.

डाव्या बाहीचं पुढे काय झालं ते मंडळातल्या किमान पंधरा बायकांना ठाऊक आहे, कारण आनंदीबाईंनी ती बाही डिसेंबरच्या सभेत सगळ्यांना दाखवली होती. ओव्हरटाइमच्या झोपेत आबेदाबाईंना बाही कुठे संपते आणि मोजा कुठे सुरू होतो ते कळलेलं दिसत नाही, असं त्या म्हणाल्या. बायका हसल्या. मग त्यांनी बंद केलेलं टोक उसवलं, टाके पुन्हा सुईवर घेतले आणि बाही मनगटापर्यंत नेली. उजवी बाही तिच्या मापाने विणली. सरोजिनी तोवर मांजरीहून परतली होती आणि त्या सभेला हजर होती. तिने नंतर स्वतःच आबेदाला सांगितलं की ती हसली नाही. बोललीही नाही, हेही तिनेच सांगितलं.

पाळ्या एकतीस डिसेंबरला संपल्या. दोन जानेवारीच्या रविवारी आबेदाने पिशवी खाली काढली. सरोजिनीच्या नातवाचे मोजे त्याला आता अंगठ्यातही गेले नसते, ते तिने उसवून मोठे केले. मफलर दोन संध्याकाळींत संपला, कानटोपी एका दुपारी. स्वेटर मंडळात आहे आणि पुरा होत आला आहे, असा आनंदीबाईंचा निरोप आला, तेव्हा तिला आनंदच झाला. तिने निरोप आणणाऱ्या बाईबरोबर मूठभर उरलेली राखाडी लोकरही पाठवून दिली, कमी पडली तर असावी म्हणून. रज्जाकला तिने सांगितलं की तेवीस तारखेला स्वेटर घरी येईल.

तेवीस तारखेला तिने टेबलावर तो पाहिला. परीक्षक म्हणून बोलावलेल्या शिवणशाळेच्या निवृत्त बाईंनी कार्डाखाली शेरा लिहिला होता: बाह्या अतिशय एकसारख्या, डाव्या बाहीवर कोपराखाली विणीत केलेला बदल कल्पक.

तो बदल म्हणजे दोन हात होते. आबेदाचा हात घट्ट आहे, आनंदीबाईंचा सैल. जिथे एक थांबला आणि दुसरा सुरू झाला तिथे बाहीभोवती एक रेघ उमटली होती. विणणाऱ्या कोणत्याही बाईला ती दिसली असती. दिसलीच होती, आणि तिला बक्षीस मिळालं होतं.

आबेदाने आधी विचारलं. ती ओरडली नाही, यावर हजर असलेल्या सगळ्यांचं एकमत आहे. हा स्वेटर आपला आहे आणि घरी न्यायचा आहे, एवढं तिने आनंदीबाईंना सांगितलं. आनंदीबाई म्हणाल्या की मंगळवारी सगळे स्वेटर इस्पितळात जाणार आहेत, यादीही गेली आहे, आणि तुमच्या सासूबाईंनी आपल्या हाताने दिला तो. अर्धवट कामं मंडळाकडून पुरी करून घ्यायची आणि वर मालकी सांगायची, हे बरं दिसत नाही. मग त्या पाहुण्यांना तिळगूळ द्यायला गेल्या. आबेदा टेबलाशी पाच मिनिटं उभी राहिली. त्यानंतर चार वाजून दहा मिनिटं झाली.

आनंदीबाई परत आल्या तेव्हा त्यांचा आवाज चढलेला होता.

“आबेदाबाई, जवानांचा स्वेटर आहे तो. हात काढा.”

“हात तर तुम्ही वाढवलाय,” आबेदा म्हणाली. “ही बाही माझ्या मालकांच्या हाताची आहे. जेवढा हात आहे तेवढीच होती.”

“आम्हाला कोणी सांगितलं का तसं?”

“रोज सकाळी तुमच्या घरची सायकल कोण लावतं?”

श्री. जगदाळे रोज सात चाळीसच्या गाडीला सायकलवरून स्टेशनात येतात. अकरा वर्षं रज्जाक ती सायकल त्यांच्या हातातून घेतो आणि एका हाताने रांगेत लावतो. आनंदीबाई स्वतः माहेरी जाताना तिथून गेल्या आहेत.

आबेदा धागा ओढतच राहिली. बाही रेघेपर्यंत आली. तिथे तिने हात थांबवला, कारण पुढचं विणकाम तिचं होतं. तिने सुया मागितल्या. टाके उचलून टोक तिथेच बंद करते, अर्धा तास लागेल, असं ती म्हणाली. सुया टेबलावर वीस जोड्या होत्या, मांडलेल्या. एकही कोणी दिली नाही. आनंदीबाईंनी प्रदर्शनाची फीत कापायची कात्री उचलली आणि स्वेटर व आबेदाचा हात यांच्यामधला धागा कापला. स्वेटर कपाटात गेला, किल्ली आनंदीबाईंच्या कमरेला. लोकरीचा गुंडा आबेदाच्या हातात राहिला, तो घेऊन ती घरी आली.

बक्षीस मागे घेतल्याचं कोणी जाहीर केलं नाही.

सोमवारी नळावर वेगळीच गोष्ट पोचली होती. आबेदाने जवानांचा स्वेटर फाडला, अशी. कारखान्याच्या फाटकावर एका बाईने तिला विचारलं की तुम्हा लोकांना जवानांचं वाईट वाटत नाही का. तीन महिने बारा-बारा तास आपण इथे काय भरत होतो, एवढं आबेदाने तिला विचारलं आणि ती आत गेली. घरी अख्तरबानूंनी दोन दिवस जेवण टाळलं. स्वेटर आपण दिला, हे त्यांच्या डोक्यातून जात नव्हतं. सरोजिनी संध्याकाळी येऊन बसायची, अख्तरबानूंचे गहू निवडायची.

रज्जाकला काय वाटलं ते त्याने एकदाच सांगितलं, तेही आबेदाला, सायकलस्टँडवर डबा खाताना. जगदाळेसाहेब सोमवारी आले, सायकल दिली आणि त्याच्या तोंडाकडे न बघता गेले. त्याआधी अकरा वर्षं ते नमस्कार करायचे.

“बाही गेली ते एक राहू दे,” तो म्हणाला. “पण ती चूक होती असं त्यांना वाटलं ना. मला रोज बघूनही वाटलं.”

मंगळवारी साठ स्वेटर इस्पितळात गेले. यादीत एकसष्ट होते.

गुरुवारी दुपारी अकरा परत आले. इस्पितळाच्या गाडीतून, नीट घडी घालून, वॉर्डाच्या मेट्रनच्या चिठ्ठीसह. चिठ्ठी सभ्य होती. तिने मंडळाचे आभार मानले होते, स्वेटर उबदार आहेत आणि जवानांना आवडले आहेत, असं लिहिलं होतं. मात्र या अकरांच्या बाह्या जवानांना चालत नाहीत. प्रत्येक स्वेटरला कागद टाचला होता: उजवी, खांद्यापासून नऊ इंच. डावी, अकरा इंच. उजवी, चार. एकावर दोन्ही बाह्यांची मापं होती. पिनांनी जखमेला त्रास होतो, तरी बाह्या त्या मापाच्या करून टोक मऊ बंद करता येईल का, अशी विचारणा होती. मंडळात असं काम कोणाला जमत असेल तर.

आनंदीबाईंनी चिठ्ठी दोनदा वाचली, असं सरोजिनी सांगते. मग म्हणाल्या की हे आबेदाबाईंकडे पोचवा.

सरोजिनीने अकराही स्वेटर उचलले. पण निघण्याआधी तिने कपाटाची किल्ली मागितली. मंडळात तिने आजवर कोणाकडे काही मागितलेलं नव्हतं. आनंदीबाई म्हणाल्या की तो विषय कार्यकारिणीपुढे आहे. एका सभासदाला वस्तू परत दिली तर उद्या सगळ्याच मागतील. सभा रविवारी ठेवू.

आबेदाने कागद एकेक करून वाचले. सरोजिनीने तिला सुचवलं की आधी किल्ली येऊ दे, मग सुयांना हात लाव, अडलंय त्यांचं. अख्तरबानूंनाही ते पटलं होतं.

“त्यांचं कुठे अडलंय?” आबेदा म्हणाली. “अडलंय त्या पोरांचं. त्यांचं माझ्याशी काय भांडण आहे?”

तिने दोन्ही बाह्यांचा स्वेटर आधी घेतला. सरोजिनीला तिने टाके कमी कसे करायचे ते दाखवलं, शिवण वर का घ्यायची तेही. पहिल्या दोन वेळांना काय चुकलं होतं ते सांगितलं. सरोजिनीचा हात सैल होता म्हणून तिला एक नंबर बारीक सुया दिल्या. त्या रात्री सरोजिनी आपल्या घरी गेली नाही, आणि तिने बंद केलेलं पहिलं टोक आबेदाने उसवून पुन्हा तिच्या हातात दिलं. भाचीचा फ्रॉक आणि बाकीचं पुन्हा खुंटीवर गेलं.

रविवार, ३० जानेवारी. कार्यकारिणीची सभा चार वाजता होती. सातपैकी तीन सभासद आल्या, गणपूर्ती झाली नाही, सभा पुढे ढकलली. तारीख ठरलेली नाही. प्रदर्शनाची कार्डं हॉलच्या फळ्यावर अजून लावलेली आहेत, पहिल्या बक्षिसाचंही.

संध्याकाळी सहापर्यंत अकरांपैकी सात स्वेटर पुरे झाले होते. राखाडी स्वेटर कपाटात आहे, डाव्या बाहीचे टाके उघडे. सुईवर न घेतलेले टाके दिवसागणिक सुटत जातात, हे मंडळातल्या प्रत्येक बाईला माहीत आहे. सोमवारी पहाटे पाच वाजता रज्जाक स्टँडवर होता. अंगात जुना स्वेटर, बाहीला पिन.